विचित्र ओपनिंग खेळून समोरच्याला चकवायचं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली अकरा-बारा वर्षं मी शनिवार-रविवारच्या रॅपिड टूर्नामेंट खेळतोय, रेटिंग (खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा) १६५० ते १७०० च्या मध्ये आहे, आणि संध्याकाळी सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये मुलांना बुद्धिबळ शिकवतो. पांढऱ्याने बी३ आणि काळ्याने घोडा सी६ खेळणारा माणूस म्हणून आता बरेच जण ओळखतात, त्यामुळे दोन राउंडच्या मधल्या चहाला कोणी ना कोणी हेच प्रश्न विचारतं. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढलंय.

चाली कशा वाचायच्या?

पटाचे उभे रकाने ए ते एच, आडव्या ओळी १ ते ८. नुसतं ‘ई४’ लिहिलं असेल तर ते प्यादं, बाकी मोहऱ्यांचं नाव लिहिलंय. ‘१. ई४ डी५’ मध्ये आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची, आणि ‘??’ म्हणजे घोडचूक. शक्यतो मोबाइल बाजूला ठेवा आणि खरा पट मांडून वाचा, हाताने चाली केल्या की जास्त लक्षात राहतात.

विचित्र ओपनिंग म्हणजे नक्की कुठली?

ओपनिंग म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली. लोक सगळ्यांना एकाच पिशवीत भरतात आणि तिथेच घोळ होतो. काही ओपनिंग कमी खेळल्या जातात पण एकदम पक्क्या आहेत, उदाहरणार्थ स्कँडिनेव्हियन (१. ई४ डी५), अलेखाइन डिफेन्स (१. ई४ घोडा एफ६) किंवा पांढऱ्याने पहिलीच चाल बी३. यात तुम्हाला कोणी ओपनिंगमध्येच हरवू शकत नाही. दुसऱ्या प्रकारात थोडी जोखीम असते पण त्यात दम असतो, जसं बुडापेस्ट गॅम्बिट (गॅम्बिट म्हणजे सुरुवातीलाच मुद्दाम प्यादं देणं). आणि तिसऱ्या प्रकारात इंजिन (चाली तपासणारा कॉम्प्युटर प्रोग्राम) पहिल्या दोन-तीन चालींतच नाक मुरडतं, म्हणजे एंग्लुंड, स्टॅफर्ड, पांढऱ्याने जी४ वाला ग्रोब. यात एक जाळं असतं, ते लागलं तर लागलं नाहीतर डावभर निस्तरत बसायचं.

माझं मत विचाराल तर पहिला प्रकार आयुष्यभर खेळा, दुसरा अधूनमधून, तिसरा फक्त ऑनलाइन ब्लिट्झमध्ये, म्हणजे काही मिनिटांच्या झटपट डावांत.

याने खरंच काही फायदा होतो का, की नुसती हवा?

होतो. सगळ्यात गाजलेलं उदाहरण १९८० चं, स्वीडनमध्ये स्कारा इथे युरोपियन टीम चॅम्पियनशिप चालू होती आणि इंग्लंडच्या टोनी माइल्सने वर्ल्ड चॅम्पियन कार्पोव्हच्या ई४ ला उत्तर दिलं ए६. नंतर बी५. म्हणजे एखाद्या नवशिक्याने कडेची प्यादी ढकलावीत तसं, समोर कोण तर कार्पोव्ह! हॉलमध्ये लोक हसायला लागले होते असं स्वतः माइल्सने सांगितलंय. आणि तो डाव माइल्सने जिंकला.

पण हा किस्सा सांगणारे एक गोष्ट सोडून देतात, ती म्हणजे माइल्स हा पटावर खेळून ग्रँडमास्टर झालेला, इंग्लंडमध्ये जन्मलेला पहिला खेळाडू होता. ए६ ने डाव जिंकला नाही, ए६ ने कार्पोव्हला त्याच्या पाठ असलेल्या रस्त्यावरून खाली उतरवलं आणि पुढच्या चाळीसेक चाली माइल्स चांगला खेळला. हे डोक्यात पक्कं बसू द्या.

म्हणजे फायदा नक्की कुठे मिळतो?

घड्याळात. मी तर म्हणतो जवळजवळ सगळा फायदा घड्याळातच असतो.

दोन-तीन वर्षांपूर्वीचा डाव सांगतो, १५ मिनिटं अधिक दर चालीला ५ सेकंदाचा रॅपिड. समोर एक रिटायर्ड काका, रेटिंग १९०० च्या जवळ, माझ्यापेक्षा सरळसरळ भारी. त्यांनी ई४ केलं, मी घोडा सी६. काकांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत घातला आणि पटाकडे बघत बसले, जणू मोहरे चुकीचे मांडलेत की काय. मग डी४ डी५, प्यादं मारलं, वजिराने परत मारलं, घोडा एफ३ उंट जी४, उंट ई२ आणि मी पाचव्याच चालीला वजिराच्या बाजूला कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजा सुरक्षित करणं) करून मोकळा. सहाव्या चालीनंतर त्यांचं घड्याळ ७:१० दाखवत होतं आणि माझं १४:४०. पोझिशन? नंतर इंजिनला दाखवली तर पांढरा थोडा बरा होता. पण तिसाव्या चालीनंतर काका एका मिनिटाच्या आत आले आणि घाईत एक हत्ती तसाच उघडा सोडला.

डाव संपल्यावर म्हणाले, “अरे, माझी पोझिशन चांगली होती ना?”

“हो काका, चांगलीच होती तुमची.”

त्यांनी परत एकदा पूर्ण डाव माझ्यासोबत लावून बघितला, कुठे काय खेळायला हवं होतं ते मलाच समजावून सांगितलं. सांगायचं म्हणजे मला पटावर काहीच फुकट मिळालं नाही, साडेसात मिनिटं मिळाली. आणि ती मिनिटं कधी मिळतात, तर तुम्ही स्वतः पटापट खेळलात तर. तुम्हीच चौथ्या चालीला विचारात पडलात तर तुम्ही स्वतःलाच सरप्राईज दिलं.

ट्रॅपवाल्या ओपनिंग शिकू का? व्हिडिओत तर आठ चालींत मात होते.

होते खरी. एंग्लुंडचं बघू, पट घ्या समोर. १. डी४ ई५ २. प्यादं मारलं, घोडा सी६ ३. घोडा एफ३ वजीर ई७ ४. उंट एफ४ वजीर बी४ शह ५. उंट डी२ वजिराने बी२ मारलं. आता पांढऱ्याला वाटतं की उंट सी३ केला की वजीर पण हल्ल्यात आणि हत्ती पण वाचला. तिथे काळा उंट बी४ खेळतो आणि खेळ खलास, कारण ७. वजीर डी२ उंटाने सी३ मारलं ८. वजिराने परत मारलं की वजीर सी१ मात. सुंदर दिसतं यात वादच नाही.

आता दुसरी बाजू. शाळेच्या हॉलमधली टूर्नामेंट होती, समोर नऊ-दहा वर्षांची मुलगी, खुर्चीवर बसल्यावर पाय जमिनीला टेकत नव्हते. मी एंग्लुंड खेळलो कारण मला वाटलं लहान आहे, फसेल. पाच चाली अगदी वर लिहिल्यात तशाच झाल्या आणि सहाव्या चालीला तिने शांतपणे घोडा सी३ केला. हीच बरोबर चाल आहे. मी उंट बी४, तिने हत्ती बी१, माझा वजीर ए३, तिने हत्ती बी३, वजीर ए५. माझा वजीर पाच वेळा हलला होता आणि त्याच्याशिवाय एक घोडा आणि एक उंट एवढेच बाहेर आलेले, तिचे मात्र दोन घोडे, उंट आणि हत्ती बाहेर. बाविसाव्या चालीला मी डाव सोडला. तिच्या वडिलांनी नंतर सांगितलं की एंग्लुंड तिने ऑनलाइन इतक्यांदा बघितलाय की तिला ती चाल विचार करावीच लागत नाही. त्या दिवसापासून मी पटावर एंग्लुंड खेळलेलो नाही, कारण ज्या व्हिडिओतून आपण ट्रॅप शिकतो तोच व्हिडिओ समोरच्यानेही बघितलेला असतो.

स्टॅफर्डचं पण तेच झालंय. १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा एफ६ ३. घोड्याने ई५ मारलं, घोडा सी६ ४. घोड्याने घोडा मारला, डी प्याद्याने परत मारलं. एरिक रोझेन या अमेरिकन खेळाडूने ऑनलाइन स्ट्रीमवर खेळून हे जगभर पोचवलं. ५. डी३ उंट सी५ ६. उंट जी५?? आणि काळा घोड्याने ई४ मारतो, वजीर सरळ देऊन टाकतो, ७. उंटाने वजीर घेतला, उंट एफ२ शह ८. राजा ई२ उंट जी४ मात. बघताना अंगावर काटा येतो. पण पांढऱ्याने सहाव्या चालीला नुसतं उंट ई२ करून मग सी३, डी४ केलं की काळा एक प्यादं कमी घेऊन बसलाय एवढंच उरतं.

मग ट्रॅप असलेली पण चांगली ओपनिंग नाहीच का?

आहे ना, बुडापेस्ट! १. डी४ घोडा एफ६ २. सी४ ई५. ३. प्यादं मारलं की घोडा जी४ आणि बहुतेक वेळा प्यादं परत मिळतं. यातली गंमत अशी की ४. उंट एफ४ घोडा सी६ ५. घोडा एफ३ उंट बी४ शह ६. बी१ चा घोडा डी२ वर, वजीर ई७ ७. ए३ आणि आता काळा जी४ च्या घोड्याने ई५ चं प्यादं मारतो, उंट तसाच ठेवून. पांढऱ्याने हावरटपणा करून बी४ चा उंट मारला की घोडा डी३ मात! राजाला सरकायला जागा नाही, आणि ई२ चं प्यादं त्या घोड्याला मारू शकत नाही कारण मागे ई७ वर वजीर बसलाय. आणि समोरच्याने उंट नाही मारला तरी तुमचं काही बिघडत नाही, प्यादं परत आलं, मोहरे बाहेर आले, डाव सुरू. जाळं फसलं तरी खेळायला उरलं पाहिजे, ट्रॅप निवडताना मी एवढं एकच बघतो.

पांढऱ्याने काय खेळू?

मी बी३ खेळतो, डेन्मार्कच्या बेंट लार्सनच्या नावाने ओळखली जाते ही ओपनिंग. उंट बी२ वर बसतो आणि पुढचं सगळं भांडण ई५ च्या घराभोवती होतं: १. बी३ ई५ २. उंट बी२ घोडा सी६ ३. ई३ डी५ ४. उंट बी५ आणि त्या ई५ च्या प्याद्याच्या रखवालदारालाच तुम्ही बांधून टाकलं.

पण बी३ खेळणाऱ्या प्रत्येकाने एक डाव पाठ केला पाहिजे. १९७०, बेलग्रेड, सोव्हिएत संघ विरुद्ध उरलेलं जग. पहिल्या बोर्डवर लार्सन, त्याच्यासाठी अमेरिकेचा फिशर दुसऱ्या बोर्डवर बसायला तयार झाला होता, आणि समोर वर्ल्ड चॅम्पियन स्पास्की. लार्सन बी३ खेळला आणि सतरा चालींत संपला. त्याचा राजा मध्येच राहिला, काळ्याचं एच प्यादं धावत आलं आणि स्पास्कीने चौदाव्या चालीला हत्ती एच१ वर नेऊन अक्षरशः दान केला, पुढचं प्यादं वजीर होण्यासाठी. मी मुलांना हा डाव दर वर्षी दाखवतो, आणि बी३ शिकवायच्या आधी दाखवतो.

बी४ पण चालते, तिला ओरांगउटान म्हणतात, कारण १९२४ च्या न्यूयॉर्क टूर्नामेंटच्या दरम्यान टार्टाकोवर नावाचा ग्रँडमास्टर ब्राँक्सच्या प्राणिसंग्रहालयात गेला, तिथल्या सुझन नावाच्या ओरांगउटानचा ‘सल्ला’ घेतला आणि मारोत्सीविरुद्ध ती चाल खेळला. डाव हरला, पण नाव राहिलं. यात १... ई५ २. उंट बी२ उंटाने बी४ मारलं ३. उंटाने ई५ मारलं असं होऊन तुमच्या कडेच्या प्याद्याच्या बदल्यात त्याचं मधलं प्यादं जातं, वाईट सौदा नाही.

जी४ सोडून द्या. राजाच्या बाजूचं प्यादं एकदा पुढे गेलं की मागे येत नाही.

आणि काळ्याने?

ई४ ला स्कँडिनेव्हियन सगळ्यात कमी अभ्यासात येते. ही कमकुवत आहे असं कोणी म्हणालं तर त्याला सांगा की १९९५ ला न्यूयॉर्कमध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या चौदाव्या डावात आनंद कास्पारोव्हविरुद्ध हीच खेळला होता, आणि ओपनिंगमधून चांगली पोझिशन घेऊन बाहेर पडला होता. डाव शेवटी कास्पारोव्हने जिंकला ते वेगळं. डी४ ला बुडापेस्ट वर सांगितलीच, फक्त समोरचा दुसऱ्या चालीला सी४ नाही खेळला तर ती होतच नाही, त्यामुळे लंडन सिस्टमवाल्यांसाठी (डी४ नंतर सी४ न करता उंट एफ४ वर आणणाऱ्यांसाठी) दुसरं काहीतरी तयार ठेवा.

मोठे खेळाडू असलं काही करतात का?

करतात, पण त्यांची सरप्राईज वेगळी असते. ते विचित्र चाल शोधत बसत नाहीत, ते स्वतःची सवय मोडतात. १९७२ ला रेक्याविकमध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिपला फिशर, जो आयुष्यभर ई४ खेळला, सहाव्या डावात सी४ ने सुरू झाला आणि डाव क्वीन्स गॅम्बिटमध्ये गेला, जिथे स्पास्की स्वतः घरचा होता. फिशर इतका सुंदर जिंकला की स्पास्कीने उभं राहून टाळ्या वाजवल्या. पुढे तेराव्या डावात अलेखाइन डिफेन्स काढली आणि तोही जिंकला. २००० साली लंडनला क्रॅमनिकने बर्लिन डिफेन्स आणली, जुनी धूळ खात पडलेली, आणि कास्पारोव्हला अख्ख्या मॅचमध्ये एक डाव जिंकता आला नाही. २००८ ला बॉनमध्ये आनंदने उलट क्रॅमनिकलाच दाखवलं, ई४ वाला माणूस डी४ खेळायला लागला आणि काळ्याने तिसरा आणि पाचवा असे दोन डाव काढले.

आपल्या पातळीवर पण हे करता येतं. रविवारच्या ग्रुपमध्ये सगळ्यांना माहितीये तुम्ही किंग्ज इंडियनच खेळता, मग एके दिवशी साधं डी५ खेळा. समोरच्याचा चेहरा बघा.

ग्रुनफेल्ड, किंग्ज इंडियन या कधीकाळी विचित्रच होत्या ना?

हो, आणि हा माझा आवडता विषय आहे. आपल्याकडच्या जुन्या देशी बुद्धिबळात प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जात नसे, एकच घर. मग जी६, डी६ करून उंट कोपऱ्यात बसवणं इथल्या खेळाडूंना अगदी नैसर्गिक वाटायचं. कलकत्त्यात मोहेशचंद्र बॅनर्जी जॉन कॉक्रेन या ब्रिटिश खेळाडूशी असंच खेळायचे, त्यांचा १८५५ चा एक डाव तर सरळ ग्रुनफेल्ड डिफेन्स आहे, जी युरोपात ग्रुनफेल्डने आणली १९२२ ला! या डिफेन्सना ‘इंडियन’ का म्हणतात याचं मूळ तिथे आहे. तेव्हा कोणी तुमच्या चालीला विचित्र म्हटलं तर ती कुठून आलीये हे आधी बघावं.

बोंगक्लाउड?

दुसऱ्याच चालीला राजा ई२. कार्लसन आणि नाकामुरा २०२१ ला एका ऑनलाइन टूर्नामेंटमध्ये दोघंही खेळले आणि सहा चालींत बरोबरी केली, पण त्या डावाच्या निकालाने त्यांना काही फरक पडत नव्हता. तुम्हाला पडतो. नको.

माझ्या मुलाला शिकवू का? तो सात वर्षांचा आहे आणि चार चालींची मात करून सगळ्यांना हरवतो.

दिव्या देशमुखने २०२५ ला बटुमीत महिला वर्ल्ड कप जिंकल्यापासून माझ्याकडे मुलं वाढलीत, त्यामुळे हा प्रश्न मला आता दर आठवड्याला येतो. कळकळीने सांगतो, नका शिकवू. वजीर एच५, उंट सी४, वजिराने एफ७ मात, यात मुलाला जिंकायची सवय लागते पण मोहरे बाहेर काढायची लागत नाही. मग दहाव्या वर्षी समोरचं मूल घोडा सी६, जी६, घोडा एफ६ करून तो वजीर हाकलतं आणि आपलं मूल रडत बाहेर येतं, असं मी डोळ्याने बघितलंय. किमान १२०० रेटिंगपर्यंत ई४, घोडा एफ३, उंट सी४, कॅसलिंग. मधली घरं का महत्त्वाची ते हाताला कळू दे, मग ती सोडून खेळायला काय हिंमत लागते ते पण कळेल.

समोरच्यानेच माझ्यावर असलं काही टाकलं तर?

पहिलं म्हणजे लगेच चाल करू नका, दोन मिनिटं खर्च करा, त्याच्या पुढे वेळ लागत असेल तर विचार थांबवा. त्याला शिक्षा द्यायचा हट्ट सोडा, पटावर बसून खंडन शोधायला गेलं की आपण त्याच्याच अंगणात खेळतो. ई आणि डी प्यादी मध्ये आणा, घोडे काढा, लवकर कॅसलिंग करा. त्याने प्यादं दिलं तर घ्या, पण जड जायला लागलं की तेच प्यादं परत देऊन मोकळे व्हा. आणि एखादी चाल अगदीच फुकट काहीतरी देतेय असं वाटलं की हात खाली घेऊन स्वतःला विचारा, तो हे का देतोय? हाताने मोहरा शिवला की तोच हलवावा लागतो, त्यामुळे हे विचारायचं ते शिवायच्या आधी.

तयारी किती आणि कशी करायची?

पांढऱ्याने एक आणि काळ्याने एक, बास. लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर ओपनिंग एक्सप्लोरर (कुठल्या चालीला लोक काय उत्तर देतात त्याची यादी) फुकट आहे, त्यात तुमच्याच रेटिंगचा गट निवडा आणि बघा की लोक खरंच काय उत्तर देतात. ग्रँडमास्टर काय उत्तर देतात ते बघून उपयोग नाही, ते तुम्हाला भेटणार नाहीयेत. माझ्या बी३ मध्ये चार-पाच उत्तरांतच बहुतेक डाव येतात. प्रत्येकासाठी सातव्या-आठव्या चालीपर्यंत जा आणि त्यापुढे आपण कुठल्या बाजूला खेळणार एवढं वहीत मराठीत एका ओळीत लिहा. इंजिनला फक्त एवढंच विचारा की मी इथे हरतोय का. थोडं खाली असलो तर चालतं, एक पूर्ण प्यादं खाली दाखवत असेल तर ती लाइन सोडा. मग पन्नासेक ब्लिट्झ खेळा आणि प्रत्येक हरलेला डाव वहीत उतरवा, हा भाग लोक टाळतात आणि म्हणूनच त्यांना पाचव्या चालीला विचार करावा लागतो.

हे अनफेअर आहे का? समोरचे नाराज होतात.

नियमात आहे ती प्रत्येक चाल फेअर आहे. फक्त चाल करून समोरच्याकडे बघून हसणं वगैरे करू नका, ते वाईट दिसतं.

तोच माणूस दुसऱ्यांदा समोर आला तर?

हा खरा प्रॉब्लेम आहे, कारण आपल्याकडच्या टूर्नामेंटना तेच दोनशे-तीनशे चेहरे फिरत असतात. वर सांगितलेले काका गेल्या डिसेंबरमध्ये परत भेटले, पेअरिंग लागलेली बघितली तेव्हाच मला माहिती होतं की ते तयारी करून आले असणार. ई४ झालं. मी यावेळी ई५ खेळलो, साधं, सगळं जग खेळतं ते. काका हसले, म्हणाले, “अरे, मी तुझ्या घोड्यासाठी दोन रात्री बसलो होतो.” मग आम्ही साठ चालींचा इटालियन खेळलो आणि प्यादी-हत्तींच्या एंडगेममध्ये त्यांनी मला हरवलं, तीन मिनिटं शिल्लक ठेवून. पुढच्या वेळी मी परत घोडा सी६ करणार आहे, पण तिसऱ्या चालीनंतरची लाइन बदलून, ती सध्या वहीत तयार करतोय.